क्रूझ रद्द होणार असं वाटतंय? आधी तुम्ही रद्द करू नका

बंदरं बंद होण्याची बातमी आली, की आपणच बुकिंग रद्द करून मोकळं व्हावंसं वाटतं. युरोपातल्या क्रूझच्या बाबतीत ही घाई बहुतेक वेळा महाग पडते, कारण किती पैसे परत मिळणार हे सहल कोणी आणि कोणत्या तारखेला रद्द केली यावर ठरतं.

युरोपियन युनियनमध्ये विकलेल्या क्रूझला पॅकेज ट्रॅव्हल डायरेक्टिव्ह, म्हणजे पॅकेज सहलींबद्दलचा युरोपीय कायदा, लागू होतो. १ जुलै २०१८पासून तो अमलात आहे. कंपनीने सहल रद्द केली तर पूर्ण रक्कम १४ दिवसांत परत द्यावी लागते. तुम्ही रद्द केली तर करारातली कपात लागते, आणि निघायची तारीख जवळ येईल तशी ती चढत जाते. काही प्रवासी कंटाळून स्वतःच बाहेर पडतात, त्यात कंपनीचं नुकसान काहीच नाही. म्हणून कपातीचा पुढचा टप्पा आणि शेवटचा हप्ता भरायची तारीख कॅलेंडरवर टाका. हप्त्याची मुदत वाढवून मागा, तीही ईमेलनेच. फोनवरच्या आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

याला एक अपवाद आहे. सहलीच्या ठिकाणी किंवा त्याच्या अगदी जवळ टाळता न येणारी, असाधारण परिस्थिती असेल आणि तिचा सहलीवर मोठा परिणाम होणार असेल, तर तुम्हीही कपातीशिवाय रद्द करू शकता. युरोपीय न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०२४ला याबाबत दोन निकाल दिले. सरकारी प्रवास-इशारा असलाच पाहिजे अशी अट नाही, हा पहिला. दुसरा जास्त बोचरा आहे: परिस्थिती मोजायची ती तुम्ही रद्द केलं त्या दिवसाची. या दुसऱ्या प्रकरणातल्या प्रवाशाने जपानची सहल १ मार्च २०२०ला रद्द केली होती आणि जपानने प्रवेशबंदी २६ मार्चला आणली. पण नंतरची ही घडामोड हिशेबात धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा रद्द करायचंच असेल, तर त्याच दिवशीच्या सरकारी सूचना आणि बंदराच्या घोषणा तारखेसकट जपून ठेवा.

निर्बंध येतात ते असेच अचानक. ऑगस्ट २०२०मध्ये एका जहाजावर कोविडचे रुग्ण सापडल्यावर नॉर्वेने १००हून जास्त माणसं असलेल्या क्रूझ जहाजांना १४ दिवस प्रवासी उतरवायला मनाई केली.

व्हाउचर? नको. २०२०मध्ये काही कंपन्या १२५ टक्क्यांचं क्रेडिट देत होत्या; आकडा मोहात पाडणारा होता खरा. पण त्याच वर्षी स्पेनच्या पुलमंतुर या क्रूझ कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं आणि ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस बंद पडली. परतावा म्हणजे रोख पैसे, हे न्यायालयाने जून २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या संमतीशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही.

जहाज निघणार पण मार्ग बदलला, असं जास्त वेळा होतं. निघण्याआधी मुख्य मार्गात मोठा बदल केला, तर तो स्वीकारायचा की कपातीशिवाय रद्द करायचं हे तुम्ही ठरवता. मात्र कंपनी उत्तरासाठी मुदत देते आणि गप्प बसणं म्हणजे होकार धरलं जाऊ शकतं, म्हणून तो ईमेल उघडून बघा.

मार्ग बदलला की व्हिसाही तपासा. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) असेल आणि जहाज मधेच इस्तंबूल किंवा मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला गेलं, तर तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि परत येताना प्रवेश उरलेला नसतो. क्रूझसाठी अर्ज करतानाच मल्टिपल एन्ट्री मागा.

विमानाची तिकिटं वेगळी काढली असतील, तर क्रूझ रद्द झाल्यामुळे त्यांचे पैसे मिळत नाहीत. विमान वेळेवर उडणार असतं. आणि विम्यात ‘आधीच माहीत असलेली घटना’ वगळलेली असते, म्हणून निर्बंधांची बातमी आल्यावर काढलेली पॉलिसी सहसा त्याच निर्बंधांना उपयोगी पडत नाही.