भाड्याने दिलेल्या घरात स्वतः राहायला गेलात तर टॅक्सचं काय?

अमेरिकेत इन्व्हेस्टमेंट म्हणून घर घ्यायचं, काही वर्षं भाड्याने द्यायचं आणि मग स्वतःच तिथे राहायला जायचं, असं आपल्यातले बरेच जण करतात, आणि बहुतेकांना वाटतं की राहायला गेलो म्हणजे रेंटलचा हिशोब संपला. तो संपत नाही हो, घर विकेपर्यंत सोबत असतो, म्हणून हे लिहितेय.

नुसतं राहायला गेल्यावर टॅक्स काही लागत नाही. त्या वर्षीचं रिटर्न मात्र किचकट होतं. समजा भाडेकरू ३१ मेला गेला आणि १ जूनला तुम्ही सामान आणलंत, तर शेड्यूल ई वर (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) भाड्याचे दिवस १५१, आणि इन्शुरन्स, प्रॉपर्टी टॅक्स, मॉर्गेजचं व्याज तेवढ्याच काळापुरतं तिथे टाकायचं. पुढचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स शेड्यूल ए वर (वैयक्तिक वजावटींचा फॉर्म), तेही आयटमाइझ करत असाल, म्हणजे ठरावीक स्टँडर्ड वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल तरच, आणि इन्शुरन्स तर विसराच. जूनमध्ये स्वतःसाठी केलेलं रंगकाम रेंटलच्या खर्चात घालू नका. डिप्रिसिएशन, म्हणजे घराच्या घसाऱ्याची दरवर्षी मिळणारी वजावट, तीही आता बंद.

खरी गंमत विकताना कळते. विकण्याआधीच्या पाचपैकी दोन वर्षं राहिलं की नवराबायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डिप्रिसिएशनचा भाग त्या माफीत येतच नाही, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स, आणि तुम्ही ते कधी क्लेम केलं नसेल तरी घेतलंय असंच धरतात! शिवाय २००९ पासूनची राहायला जाण्याआधीची भाड्याची वर्षंही मोजतात, आणि नफ्याचा तेवढा हिस्सा माफ होत नाही. म्हणजे १० वर्षांत आधी ६ वर्षं भाड्याने, मग ४ वर्षं तुम्ही, आणि डिप्रिसिएशन सोडून नफा २ लाख, तर माफ फक्त ८० हजार, बाकी १ लाख २० हजारांवर टॅक्स. आधी राहून मग भाड्याने दिलं आणि तीन वर्षांच्या आत विकलं, तर माफीतली ही कपात होत नाही. नुसत्या क्रमामुळे एवढा फरक पडावा हे मला काही पटत नाही, पण नियम आहे तो आहे.

अजून एक, फॉर्म ८५८२ वर (भाड्याच्या तोट्याच्या हिशोबाचा फॉर्म) अडकलेले, म्हणजे त्या त्या वर्षी वजा न झालेले जुने लॉस राहायला गेल्यामुळे बुडत नाहीत, दरवर्षी पुढे न्यायचे, दुसऱ्या रेंटलच्या नफ्यातून ते वजा होऊ शकतात. सीपीए (आपला टॅक्स बघणारा अकाउंटंट) बदलताना नेमका हाच आकडा हरवतो. त्यामुळे नव्या सीपीएला गेल्या वर्षीचा ८५८२ आणि डिप्रिसिएशनचं पूर्ण शेड्यूल, दोन्ही पहिल्याच मेलमध्ये पाठवा.