सूर्यास्तानंतर पुन्हा दुपार : जुन्या रोड ट्रिपचे फोटो लावताना

जुन्या रोड ट्रिपचं फोल्डर उघडलं की माझं डोकं फिरतं ते क्रमावरून. डोंगरमाथ्यावरचा सूर्यास्त, त्याला लागून त्याच दिवसाची टळटळीत दुपार, मग दुसऱ्या कुणाच्या फोनमधली पहाटेची डिकी भरण्याची लगबग, आणि मध्येच आदल्या दिवशीचं पंक्चर. विमानाने एका शहरात जाऊन आलेल्या माणसाचं अशा सरमिसळीने फारसं बिघडत नाही, कारण त्याची ठिकाणं एकमेकांपासून सुटीच असतात. गाडीच्या प्रवासात मात्र कशानंतर काय आलं यातच सगळं असतं. सपाट रान कुठे संपलं, चढ कधी लागला, पावसाने कुठे गाठलं, उतारावर गाडीत कोण चिडीचूप झालं. हे गेलं की उरतात नुसती दृश्यं, आणि तशी कुणाकडेही मिळतात. म्हणून रंग सुधारणं, कडा कापणं, अल्बम छापणं ही सगळी नंतरची कामं. आधी फोटो रांगेत लावायचे.

घोळ घालतात ती घड्याळं. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा बरोबर असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्या तंद्रीत चालतं आणि हळूहळू मागेपुढे सरकत जातं. मुख्य बॅटरी बराच काळ काढून ठेवली की आतली छोटी बॅटरीही उतरते आणि तारीख थेट कुठल्या तरी वर्षाच्या १ जानेवारीवर जाऊन बसते. प्रवासात वेळेची हद्द ओलांडली तर फोन आपोआप नव्या वेळेवर जातो, कॅमेरा मात्र जुनीच वेळ धरून बसतो. फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीचं जे एक्झिफ नावाचं मानक आहे, त्यात वेळक्षेत्र नोंदवण्याची जागाच २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. त्याआधीच्या कॅमेऱ्याने 'साडेचार' लिहून ठेवलं असेल, तर ते निघालेल्या गावचे साडेचार की पोचलेल्या गावचे, हे फाइल सांगू शकत नाही.

त्यात संगणकाची वेगळीच तऱ्हा. 'तारखेनुसार लावा' म्हटलं की तो बऱ्याचदा फाइल शेवटची बदलल्याची तारीख धरतो. मग आठ वर्षांपूर्वीचा जो फोटो तुम्ही गेल्या महिन्यात थोडा उजळ केलात, तो जाऊन बसतो सगळ्यात शेवटी. यादीत 'फोटो टिपल्याची तारीख' हा रकाना वेगळा मागवावा लागतो.

कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकलंय हे शोधायचा पुरावा सहसा फोटोंतच सापडतो. कुणीतरी हिशेबासाठी टोलची किंवा पेट्रोलची पावती टिपलेली असते आणि तिच्यावर वेळ छापलेली असते. मागे रेल्वे स्थानकाचं घड्याळ आलेलं असतं. डॅशबोर्डवरच्या घड्याळावर मात्र विसंबू नका. बहुतेक गाड्यांत ते पाच-दहा मिनिटं पुढे किंवा मागे असतं आणि ते लावायचं कसं हे घरात कुणालाच माहीत नसतं. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एकच क्षण दोन यंत्रांनी टिपलेला असणं. सगळे एका वळणावर उतरलेत, एक जण कॅमेऱ्याने काढतोय, दुसरा फोनने. दोन्ही फोटो शेजारी उघडून मोठे करा आणि माणसांकडे नव्हे, तर पाठीमागे बघा. तोच ट्रक वळणात अर्धा शिरलेला, मागची ताडपत्री तशीच उडालेली, एवढं जुळलं की तो एकच सेकंद आहे. आता फोनच्या फोटोत ४:५२ आणि कॅमेऱ्याच्या फोटोत ३:४० असेल, तर कॅमेरा १ तास १२ मिनिटं मागे. त्या प्रवासात कॅमेऱ्याने काढलेला प्रत्येक फोटो एवढाच पुढे सरकवायचा.

एकेक फोटो उघडून वेळ बदलत बसू नका. एक्झिफटूल नावाचं फुकट मिळणारं साधन सगळ्या फोल्डरची वेळ एका आज्ञेत सरकवतं आणि मूळ फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवतं. फोटो लावण्याच्या बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्येही ही सोय असते. अट एकच, आधी कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार फोटो वेगळे काढायचे. फोनचे फोटोही त्यात सरकले की होता तो घोळ दुप्पट होतो.

प्रवासाच्या मध्येच कुणीतरी शहाणपणाने कॅमेऱ्याचं घड्याळ दुरुस्त केलं असेल, तर एका फरकाने काम भागत नाही. हे ओळखायचं फाइलच्या क्रमांकावरून. कॅमेरा फोटोंना ०००१ पासून ९९९९ पर्यंत आकडे देत जातो आणि पुन्हा ०००१ वर येतो. नव्या कार्डावर आकडा पहिल्यापासून सुरू करायची सोय चालू नसेल, तर हे आकडे घड्याळाला विचारत नाहीत. क्रमांक एकाने पुढे गेलाय आणि वेळ तासभर मागे उडी मारतेय, असा जोड दिसला की दुरुस्ती तिथेच झालेली असते. त्याच्या अलीकडच्या फोटोंना एक फरक लावायचा, पलीकडच्यांना दुसरा.

वेळ जुळली की जागा जुळवता येते, पण रस्त्यावर हे प्रकरण फार काटेकोर आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर कापते. घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल, तर पूल दाखवणारा फोटो नकाशावर पुलाच्या दोन किलोमीटर पुढे जाऊन पडतो. फोनवर मार्गाची जीपीएक्स नोंद, म्हणजे कोणत्या वेळी कुठे होतो याची बिंदूंची फाइल, चालू ठेवली असेल तर वेळेवरून कॅमेऱ्याच्या फोटोंना अक्षांश-रेखांश देता येतात. नोंद दर दहा सेकंदांनी होत असेल तर दोन बिंदूंत याच वेगाला सुमारे १६७ मीटर अंतर पडतं. मोकळ्या रस्त्यावर ते चालतं, नागमोडी चढावर फोटो दरीत दिसतो. फोनच्या आपल्या जागेच्या नोंदीवरही आंधळा भरवसा नको. बोगद्यात आणि उंच कड्यांच्या मधल्या रस्त्यावर उपग्रह दिसत नाहीत, मग फोन आधीच्या ठिकाणाची किंवा मोबाइल टॉवरवरून काढलेली ढोबळ जागा चिकटवून मोकळा होतो. पुढच्या प्रवासासाठी सोपा तोडगा आहे. निघताना कॅमेऱ्याने फोनच्या पडद्यावरचं सेकंदासकट घड्याळ एकदा टिपून ठेवायचं, म्हणजे हा सगळा उपद्व्याप अर्ध्या मिनिटात आटोपतो.

सोबत्यांकडून फोटो मागवताना ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे मागवू नका. तसे पाठवलेले फोटो आकाराने लहान होतात, त्यांच्यातली वेळ-जागेची माहिती गळून पडते, आणि फाइलच्या नावात येणारी तारीख फोटो काढल्याची नसते, तो पाठवल्या-मिळाल्याची असते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. हे सांगितलं की 'पाठवतो की' असं उत्तर येतं आणि फोटो पुन्हा तसेच लहान होऊन येतात. यावर माझ्याकडे उपाय नाही. त्यांच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जाणं हाच काय तो.

फिल्मच्या जमान्यातले प्रवास लावायला गेलात तर मला ते काम उलट सोपं वाटतं. लोक लिफाफ्यातल्या प्रिंट समोर पसरून 'हे आधी की ते' असा वाद घालत बसतात आणि त्याच लिफाफ्याच्या मागच्या कप्प्यातल्या निगेटिव्हकडे कुणी बघत नाही. पट्टी कडेने धरून उजेडासमोर न्या. फ्रेमच्या खाली, छिद्रांच्या ओळीला लागून बारीक आकडे दिसतात : १७, १७अ, १८, १८अ. ते आकडे कारखान्यात छापलेले असतात आणि एका रोलपुरता क्रम पक्का करतात. प्रिंटमधल्या दीपस्तंभाच्या आधी फेरीबोट होती की नंतर, याचा निकाल तिथे लागतो. कडेलाच फिल्मचं नावही असतं, त्यावरून एका रोलच्या पट्ट्या दुसऱ्यात मिसळल्या असतील तर वेगळ्या करता येतात. स्लाइडच्या, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या सुट्या फिल्मच्या, पुठ्ठ्याच्या चौकटीवर अनेकदा महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं, पण ती तारीख धुतल्याची. रोल सहा महिने कॅमेऱ्यातच राहिला असेल तर उन्हाळ्यातला प्रवास हिवाळ्यात दिसतो. प्रिंटच्या कोपऱ्यातले तारखेचे नारिंगी आकडे तर मी पुरावा म्हणून धरतच नाही. ते उमटवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या घड्याळाची बॅटरी बदलल्यावर तारीख पुन्हा लावण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

निगेटिव्ह असेल तर स्कॅन तिचंच करा, प्रिंटचं नको. पांढऱ्याफटक आकाशातले ढग प्रिंटमध्ये जळून गेलेले असतात, निगेटिव्हमध्ये ते बहुधा शाबूत असतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. २४०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके वाचले तर, तिचे सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल होतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. साध्या प्रवासी फोटोंना तेवढं पुरतं. चार बाय सहा इंची प्रिंटला ६०० डीपीआय पुष्कळ झाले, त्याच्या वर जाऊन फक्त कागदाचा पोत मोठा होतो. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली का, हे रोड ट्रिपच्या फोटोत चटकन कळतं. पाट्यांवरची अक्षरं आरशातली दिसतात आणि सगळी वाहनं रस्त्याच्या भलत्या बाजूने धावतात. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवल फिल्मवर ती बंद ठेवा, कारण तिथे प्रतिमाच चांदीच्या कणांची असते, स्कॅनर तिलाही धूळ समजतो आणि चेहरे खाऊन टाकतो.

चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले अल्बम ही फोटोंच्या इतिहासातली एक वाईट कल्पना. गोंद पिवळा पडतो आणि प्रिंट धरून ठेवतो. चाकूने खरवडू नका. दात साफ करायचा मेण नसलेला धागा प्रिंटच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. तरीही निघाली नाही तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेली प्रिंट तर ओढायचीच नाही, काचेतूनच स्कॅन करायची. तांबूस झालेल्या जुन्या रंगीत प्रिंटमध्ये बहुधा निळसर सायन रंगाचा थर विटलेला असतो. स्कॅन केल्यावर लाल रंगाची झाक कमी करता येते, पण सावलीतले गेलेले बारकावे परत येत नाहीत.

एवढं सगळं रांगेत लागलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. व्ह्यू पॉइंटवरचे फोटो सगळ्यात कंटाळवाणे असतात. तिथल्या गर्दीत कोपरं लावून काढलेला तो कठडा आणि ती दरी आधीही हजारोंनी काढलेली असते. आठवण हलते ती भलत्याच फ्रेमने. पुसलेल्या काचेवर वायपरची अर्धगोल रेघ, पायाखालच्या मॅटवरचा चिखल, मांडीवर चुकीच्या घड्यांनी दुमडलेला नकाशा, निघताना आणि पोचल्यावर टिपलेलं ओडोमीटर. चालत्या गाडीतून काढलेले फोटो तांत्रिकदृष्ट्या वाईट म्हणून लोक ते पहिल्यांदा उडवतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते. शटर १/१२५ ला, म्हणजे सेकंदाच्या सव्वाशेाव्या भागापुरतं उघडं, असेल तर तेवढ्यात ती १३ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून जवळचं कुंपण फरफटतं आणि लांबचा डोंगर स्थिर राहतो. ती फरफट म्हणजेच रस्ता. असले फोटो मी काढून टाकत नाही. बाजूच्या काचेवरचे इंद्रधनुषी डाग हा लेन्ससमोर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावल्याचा परिणाम असतो. कडक केलेल्या काचेतले ताण त्यातून दिसू लागतात. समोरची काच दोन थरांची, तिथे हे सहसा होत नाही. समोरच्या काचेवर उमटतो तो डॅशबोर्डवर पडलेला पसारा, आणि वीस वर्षांनी तो पसाराच जास्त वाचनीय निघतो.

फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. संग्रहालयात नेलेल्या माणसांनी ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला तेव्हा तशी घट झाली नाही. अख्ख्या दरीपेक्षा कठड्यावरची गंजलेली एक खिळपट्टी टिपणारा सोबती असेल, तर त्याचे फोटो आधी मागवा.

शेवटी मजकूर. तो फाइलच्या नावात कोंबू नका आणि वेगळ्या वहीतही ठेवू नका. फोटोच्या आतच वर्णनाचा रकाना असतो, तिथे लिहिलेलं फोटोबरोबर नव्या संगणकावर जातं. 'सुंदर दृश्य' असलं काही नको. गाडी कोण चालवत होतं, कुठून कुठे निघालो होतो, का थांबलो, एवढं पुरे. जागेचं नाव आठवत नसेल तर 'आधीच्या फोटोपासून वीस मिनिटं पुढे, नदीच्या अलीकडे' असं लिहावं. लिहिण्याआधी सोबत्यांना एकत्र बसवून विचारा, आणि सगळ्यांत आधी जो मागच्या सीटवर बसला होता त्याला. चालवणाऱ्याला वळणं आठवतात, पुढे बसलेल्याला भांडणं आठवतात, मागे बसलेल्याला कोण कुठे उतरलं होतं ते अचूक माहीत असतं, कारण प्रत्येक वेळी दार उघडून द्यायला त्यालाच सरकावं लागलं होतं.