पाण्याचं मीटर, नोंद ४: किल्ली बरोबर, तरी कुलूप उघडेना

माझं पाण्याचं मीटर आकडा रेडिओवरून पाठवतं, वायरलेस एम-बस पद्धतीनं; तो मी स्वतःच्या पायथन लायब्ररीनं वाचू पाहतोय. मागच्या नोंदीत टेलिग्राम (मीटरचे रेडिओ संदेश) पकडण्यापर्यंत आलो होतो. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ), ८६८.९५ मेगाहर्ट्झ, टी१ मोड (एम-बसचा एक प्रकार). थ्री-आउट-ऑफ-सिक्स या सांकेतिक मांडणीचं कोडं सुटलं (चार बिटांमागे सहा चिप, म्हणजे हवेतून जाणारे सहा ठोके; म्हणून सेकंदाला १०० किलोचिपमधून हाती ६६.६७ किलोबिटच लागतात), सीआरसीही (चूक पकडणारे तपास-बाइट) जुळू लागले. श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत फ्लॅटागणिक मीटर आहे, त्यामुळे टेलिग्रामांचा नुसता पाऊस. शेजाऱ्यांचे लगेच फेकून देतो. ते एन्क्रिप्टेड असतातच, आणि कोण कधी आंघोळ करतं याच्याशी मला काय करायचंय?

माझ्या मीटरची एईएस-१२८ किल्ली (एन्क्रिप्शन उघडणारी) तीन ईमेलनंतर मिळाली. डब्ल्यूएमबसमीटर्स या तयार प्रोग्रॅमला दिली, तर आकडा पहिल्या फटक्यात आला. माझ्या पायथन लायब्ररीत मात्र कचरा! चार संध्याकाळी यात गेल्या.

उलगडा झाला तो कचऱ्याच्या शेपटीकडे बघताना. तिथे २एफ २एफ २एफ अशी रांग होती (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेत), म्हणजे जागा भरण्यापुरते भरतीचे बाइट. किल्ली चुकली असती तर हे दिसलंच नसतं. इथल्या सीबीसी पद्धतीत सोळा-सोळा बाइटांचे ठोकळे एकमेकांना जोडलेले असतात, आणि पहिल्याला आयव्ही हा सुरुवातीचा आकडा लागतो. तो चुकला की बिघाड फक्त पहिल्या सोळा बाइटांत होतो, पुढचं सगळं नीट उघडतं. म्हणजे चोर आयव्हीतच.

मोड ५ मध्ये (माझ्या मीटरची एन्क्रिप्शनची तऱ्हा) आयव्ही असा बनतो: उत्पादकाचे दोन बाइट, पत्त्याचे सहा, मग ॲक्सेस नंबर (टेलिग्रामचा क्रमांक) आठ वेळा. मी पत्त्यात मीटरवर छापलेला नंबर जसाच्या तसा घातला होता: २० ४१ ७७ ३५. हवेतून तो उलटा येतो, ३५ ७७ ४१ २०, आणि आयव्हीतही तसाच लागतो. स्टँडर्डमध्ये हे लिहिलेलं आहे. मी घाईघाईत वाचलं, दुसरं काय.

बदल केला आणि सुरुवातीच्या २एफ २एफच्या पाठोपाठ उमटलं ०४ १३ (बत्तीस बिटांचा आकडा, एकक लिटर), मग १५ ४२ ०२ ००. उलटं वाचलं की १,४७,९८९ लिटर. टॉर्च घेऊन सिंकखाली शिरलो: काचेवर १४७.९९१ घनमीटर. तेवढ्यात कुकरला पाणी घेतलं गेलं होतं.

तारखेचं रेकॉर्ड अजून चुकतंय. त्यात वर्षाचे सात बिट दोन बाइटांत तोडून ठेवलेत, तीन इकडे नि चार तिकडे. ते शनिवारी.