मिरचीची रोपं, ट्रायकोडर्मा अन् जिन्याखालचं पोतं

मागच्या वर्षी नवतपात (मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात) गच्चीवर मिरची टाकली होती, उगवली पण छान, अन् मग एका रात्रीत अर्धा ट्रे आडवा. देठ मातीला टेकतो तिथे भिजलेल्या सुतळीसारखा मऊ आणि वरची पानं मात्र हिरवीगार! ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशांमुळे होते, अन् आपण नागपूरच्या उन्हाच्या धाकाने दोन्ही वेळ पाणी ओततो त्यात त्यांचं आणखीच फावतं. बियाणं मामांनी भिवापूरहून दिलेलं, घरच्या मिरचीचं, म्हणून जास्त जीव तुटला.

यंदा दहा किलो जुन्या शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (झाडांच्या कामाची एक मित्र-बुरशी) पावडर आणि दोन मुठी निंबोळी ढेप मिसळली, पाणी शिंपडलं आणि ओलं पोतं झाकून जिन्याखाली सावलीत १५ दिवस ठेवून दिलं. मधेच पोतं उचलून पाहिलं तर वर पांढरी-हिरवी बुरशी. आई म्हणे, "अगं नासलं ते, फेकून दे." म्हटलं आई, हीच तर पाहिजे होती! ही बुरशी त्या मर करणाऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालते, एन्झाइम सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांनाच खाते.

मग ९८ खणांचे दोन ट्रे भरले. दोन्हीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तेच शेणखत, तीच ढेप, पण एकातल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळला नव्हता. उगवण दोन्हीकडे सारखीच झाली, त्यामुळे बी लवकर उगवेल म्हणून कोणी वापरू नका. फरक तिसऱ्या आठवड्यात दिसला: साध्या ट्रेमधली २३ रोपं गेली, दुसऱ्यातली ५. आणि एकेक रोप उपटलं तेव्हा तर काय सांगू, ट्रायकोडर्मावाल्याचा गड्डा अख्खा हातात आला, बारीक पांढऱ्या मुळांनी कोकोपीट चहूकडून धरून ठेवलेलं, दुसऱ्याचं बोटातून भुरभुर गळून गेलं.

एक मात्र नक्की बघा, पाकिटावरची तारीख आणि ते दुकानात कुठे ठेवलंय ते. आत जिवंत जीव आहेत, ४५ डिग्रीत दाराशी उन्हात टांगलेलं पाकीट मी तरी घेत नाही. बाजारच्या बियाण्याला गुलाबी पावडर असते ना, ते बहुतेक बुरशीनाशकच, अन् ट्रायकोडर्मा पण बुरशीच की! अशा बियाण्याला चोळायचं नाही, शेणखतातूनच द्यायचं.

काल लावणी केली तेव्हा मुळं स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या पाण्यात अर्धा तास बुडवली. आपल्या काळ्या मातीत स्फुरद असतं पण चुन्याला बांधलेलं, हे जिवाणू आम्लं सोडून ते मोकळं करतात. मायकोरायझा (मुळांशी जोडी करून राहणारी बुरशी) पण आणलंय, ते मिरची-वांग्यापुरतंच ठेवणार, कारण कोबीवर्गाच्या मुळांशी त्याचं जमत नाही. फुलकोबीसाठी जिन्याखाली नवीन पोतं लावलंय, या वेळी आईनेच पाणी शिंपडलं.