पेटीवाल्या काकांची आरएक्स

मिरजेत गॅरेज म्हटल्यावर वाद्यांची कामं करणारी गिऱ्हाइकं येतातच. त्या दिवशी पेटी दुरुस्त करणारे एक काका आपली यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल ढकलत घेऊन आले. किक मारून घाम निघतो, चालू झालीच तर पिकअप नाही, आणि पेट्रोल पिते ते वेगळंच. एअर फिल्टरची नळी काढून किक मारली, तर कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा माझ्या हातावर. टू-स्ट्रोकमध्ये हे दिसलं की मी थेट रीड व्हॉल्व्हला, म्हणजे पेट्रोल-हवा आत सोडून उलटी येऊ न देणाऱ्या पात्यांच्या झडपेला, हात घालतो.

कार्ब्युरेटर उतरवून रीडचा ठोकळा ट्यूबलाइटसमोर धरला. एका पोलादी पातीचा कोपरा उडालेला, तिथून उजेड आरपार. तुटका तुकडा आत गेला असेल या धास्तीनं सिलिंडरही उघडला. नशीब, आत ओरखडा नव्हता.

काका वाकून बघत होते. "मिस्त्री, ही तर आमच्या पेटीतली पाती!"

खरंच आहे ते. फरक एवढाच की पेटीत पाती थरथरून वाजते आणि इथे पिस्टन वर गेला की उघडून पेट्रोल-हवा आत घेते, खाली आला की मिटते. आणि यामाहाची सुरुवातही पातीपासूनच झाली, हे सांगायची मला फार हौस. तोराकुसु यामाहा मूळचा वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा. 1887 मध्ये जपानमधल्या हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन, म्हणजे पेटीसारखं पात्यांवर वाजणारं वाद्य, त्यानं दुरुस्त केला, मग स्वतःच एक बनवला. साथीदाराला घेऊन तो खांद्यावरून हाकोनेच्या डोंगरापलीकडे टोकियोला नेला. तिथल्या संगीतशाळेनं सांगितलं, स्वर बरोबर नाहीत. गडी तिथेच राहिला, स्वरशास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा बनवला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

1897 मध्ये त्याची निप्पॉन गाक्की कंपनी झाली, तीच आजची यामाहा. युद्धात तिथे विमानांचे पंखे बनले. युद्धानंतर ती यंत्रं पडून होती. गेनिची कावाकामींनी ती मोटरसायकलकडे वळवली. जर्मन डीकेडब्ल्यू मोटरसायकलच्या धर्तीवरची 125 सीसीची पहिली यामाहा, वायए-1, 1955 मध्ये आली, आणि त्याच जुलैत फुजी पर्वताची शर्यत जिंकली. यामाहाच्या खुणेतले तीन नादकाटे (स्वर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क) मात्र कायम राहिले.

काकांनी विचारलं, "सेकंदाला किती वेळा हलते ही?" मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना पूर्ण ताकद, दर फेरीला पाती एकदा उघडते, म्हणजे सेकंदाला 125 वेळा. काका क्षणभर थांबले. "म्हणजे पेटीवरच्या पांढरी एक या स्वराच्या किंचित खाली लागेल."

मग म्हणाले, "कानशीनं घासून जुळवू का? पेटीत आम्ही तेच करतो." मी साफ नाही म्हटलं. घासलेली पाती इथे तुटणारच, आणि पुढच्या वेळी तुकडा सिलिंडर खाऊनच थांबेल. डुप्लिकेटही घालू दिली नाही. ओरिजिनल पाती येईपर्यंत गाडी माझ्याकडेच राहिली.