बस बंद होते तेव्हा: निपाणी, बेळगाव, येळ्ळूर

कागल मागे पडले आणि दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीचा टोलनाका आला की कर्नाटक सुरू होते. बेळगाव-निपाणीचा मराठी भाषकांचा भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकचा, हा सीमावाद १९५६ पासूनचा; पण एरवी या नाक्यावर पाहण्यासारखे काही नसते. मात्र १ नोव्हेंबर जवळ आला, बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरले किंवा कुठे एखाद्या बसला काळे फासले गेले की इथे लोखंडी अडथळे उभे राहतात आणि महाराष्ट्रातून निघालेले पुढारी अडवले जातात. त्यांचे छायाचित्र छापून येते आणि ते संध्याकाळी कोल्हापुरात मुक्कामाला परततात. ज्यांना परतायला दुसरे गाव नाही, अशा माणसांना भेटावे म्हणून मी या वेळी महामार्ग सोडून गावांमधून हिंडलो.

निपाणी हे तंबाखूचे गाव. पंतप्रधान नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि त्यानंतर उसळलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी व लक्ष्मण गावडे, तर निपाणीत कमळाबाई मोहिते यांचा बळी गेला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. पुढे १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा याच निपाणीजवळ पुन्हा गोळ्या चालल्या आणि पुन्हा माणसे मेली. एक आंदोलन भाषेचे, दुसरे पोटाचे. पण वखारीत हमाली करून म्हातारे झालेले एक आजोबा मला दोन्हींविषयी एकाच दमात सांगत होते आणि त्यांच्या सांगण्यात कुठले कोणते, हे मला मधूनमधून विचारावे लागत होते. पहिल्या वेळी ते शाळकरी पोर होते. गोळ्यांचा आवाज त्यांना आठवत नाही. आईने भर दुपारी दाराला आडणा घातला आणि दोन दिवस चूल मागच्या अंगणात मांडली, एवढे आठवते. दुसऱ्या वेळी ते स्वतः रस्त्यावर होते. तेव्हापासून मोर्चा कुणाचाही असो, लांबून घोषणा ऐकू आल्या की ते उठून आत जाऊन बसतात. ‘‘भ्या वाटतंय असं न्हाई ओ,’’ ते म्हणाले, ‘‘पन पाय आपसूक वळत्यात.’’

बेळगावात पोहोचल्यावर मी आधी पाट्या पाहत फिरलो. पाटीचा साठ टक्के भाग कन्नडने व्यापलेला असावा, असा कर्नाटकात नियम आहे. खडेबाजारातल्या एका कापडदुकानाची पाटी मी बराच वेळ न्याहाळत होतो. वर ठसठशीत कन्नड, मध्ये इंग्रजी आणि तळाशी, पावसाच्या पन्हाळीआड गेलेली, बोटभर उंचीची मराठी ओळ. सगळी पाटी फ्लेक्सची होती आणि चौकटीला खिळ्यांऐवजी सुतळीने बांधलेली होती. मालकांनी त्याचे कारण अगदी सहज सांगितले: १ नोव्हेंबरच्या आधी ती सोडवून आत ठेवता येते. त्या दिवशी एका बाजूने मराठी भाषकांची, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची काळ्या दिनाची फेरी निघते, दुसऱ्या बाजूने कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक. दगड कोणाचाही असला तरी काच आपलीच फुटते, हा त्यांचा हिशेब. लग्नाची तारीख त्या सुमारास येत असेल तर इकडची मंडळी ती पुढेमागे करतात. यात तक्रारीचा सूर नव्हता, हेच मला अधिक खटकले.

हिंडलग्याला मी थोडाच वेळ थांबलो. तिथे १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक असून दरवर्षी १ जूनला लोक तिथे अभिवादनाला जमतात. इतर दिवशी तिथे शुकशुकाट असतो.

येळ्ळूरला मात्र माझा सगळा दिवस गेला. राजहंसगडाच्या पायथ्याकडच्या या मोठ्या गावात ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक वर्षानुवर्षे उभा होता. न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०१४ मध्ये प्रशासनाने तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला आणि मग पोलिसांनी गावात लाठीमार केला. एका घरातल्या काकूंनी मला दार दाखवले. सागवानी दार जुनेच आहे, पण कडी-कोयंडा नवा, आणि कडीच्या खालची फळी आत दबलेली. दार बदलायचे राहून गेले आहे की मुद्दाम ठेवले आहे, हे मी विचारले नाही. त्यांच्या यजमानांवर खटला भरला गेला होता. समन्सचे कागद, जामिनाच्या पावत्या आणि तारखांच्या चिठ्ठ्या त्यांनी दिवाळीच्या मिठाईच्या डब्यात जपल्या आहेत. मार चार दिवसांत विसरता येतो, असे त्या म्हणाल्या; तारखा विसरता येत नाहीत, कारण भातलावणी असो की घरात बारसे, त्या दिवशी कोर्टात उभे राहावेच लागते. त्या वर्षांत मुलाच्या नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागला, तेव्हा बापाच्या नावावरची केस आडवी येईल या धास्तीने त्याने तो अर्जच केला नाही आणि पुण्याला एका कारखान्यात कंत्राटी काम धरले. तो आता सणाला येतो. सरकारदरबारी अशा माणसाची विस्थापित म्हणून नोंद होत नसते.

शेजारच्या कन्नड माणसांविषयी त्या काय बोलतील, याची मला उत्सुकता होती. लाठीमारानंतरच्या सकाळी त्यांच्या ओळखीच्या एक कन्नड बाई भाकरी-भाजीचे गाठोडे घेऊन आल्या होत्या आणि दोघी दोन भाषांत रडल्या होत्या, हे सांगताना काकू हसल्या. त्यांचा राग बंगळूरवर आहे आणि तितकाच मुंबईवरही. त्यांचा धाकटा पुतण्या मात्र वेगळे बोलला. तेव्हा तो पाळण्यात होता. त्याने तो लाठीमार मोबाइलवर पाहिला आहे, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या बोलण्यात ‘ते’ हा शब्द सारखा येत होता. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यापेक्षा ज्यांनी तो पाहिला त्यांचा राग अधिक कडक, हे मला या दौऱ्यात एकाहून अधिक घरांत आढळले.

हा राग शेवटी निघतो तो चालक-वाहकांवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या बसमधल्या वाहकाला मारहाण झाली. तिकिटावरचा तंटा पाहता पाहता भाषेचा झाला. लगेच चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीचालकाला काळे फासले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्या रंगवल्या गेल्या होत्या. मार खाणारे दोन्हीकडचे खाकीतले नोकर. त्यांनी कुठला ठराव मांडला नव्हता की कुठली पाटी लावली नव्हती.

आणि मग बस बंद होते. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी त्याचा बाजार, दवाखाना आणि कॉलेज बेळगावात आहे. परतीच्या वाटेवर शिनोळीच्या थांब्यावर एक ताई भेटल्या. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला नेतात. बस बंद होत्या तेव्हा त्या वडापने (खासगी प्रवासी गाडीने) शिनोळीपर्यंत यायच्या, सासऱ्यांना हाताला धरून हद्द पार करायच्या आणि पलीकडे मिळेल त्या भावाने रिक्षा करायच्या. आता त्यांनी बेळगावातच भाड्याची खोली शोधायला घेतली आहे. सासऱ्यांना गाव सोडायचे नाही, त्यावरून घरात रोज वादावादी चालू आहे. पण पुढचा बंद कधी होईल हे कोणी आधी सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यावर माझ्याजवळ काही उत्तर नव्हते.