होमाची रात्र

१४ जानेवारी, रात्री साडेअकरा

सिद्धेश्वर यात्रेचा होम बघून सोलापूरच्या होम मैदानावरून आत्ता आलो. केसांना धुराचा वास आणि कानात अजून "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र". सकाळची कडक भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली आणि वही काढली. लेकीनं एक विचारलं, ते डोक्यातून जात नाही.

बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतात, दागिने घालतात आणि होमात अग्नी देतात. ती कुंभारकन्या. मी लहानपणापासून बघत आले, हात जोडत आले. लेक तेरा वर्षांची. म्हणाली, "मम्मी, काल तर लग्न लागलं ना तिचं?"

लागलं की. काल सम्मती कट्ट्यावर बाराबंदी घातलेली माणसं, सात काठ्या (सिद्धरामांच्या योगदंडाची खूण असलेले नंदीध्वज), "सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्" आणि चहूबाजूंनी अक्षता. अर्ध्या माझ्याच डोक्यावर पडल्या. गोष्ट सोलापुरात पोराटोरांना पाठ आहे. सिद्धरामांच्या, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, दारात रोज सडा-रांगोळी करणारी कुंभाराची पोर म्हणाली, लग्न करीन तर तुमच्याशीच. ते योगी. म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. तिनं केलं. आणि मग सती गेली.

सम्मती कट्टा हा शब्द मी हजारदा उच्चारला असेल, रिक्षावाल्याला सांगतानासुद्धा. सम्मती म्हणजे संमती, हे डोक्यात आलं ते कालच. आणि ती कुणाची? एरवी ती मुलीची घ्यायची असते (कोण घेतं, ते सोडा). इथं मागणी मुलीनं घातली होती.

माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री मावशीनं मला बाजूला घेतलं. हातावरची मेंदी ओली होती, म्हणून तीच मला घास भरवत होती. म्हणाली, "नवऱ्याला नाही म्हणायचं नाही. आणि आपणहून काही म्हणायचं नाही." पुढचा घास पुढे केला. विषय संपला. आईनं तर तेवढंही सांगितलं नाही. ज्या गावात एका पोरीनं आपणहून म्हटलं म्हणून दरवर्षी जत्रा भरते, त्याच गावातली ही मावशी.

पण म्हणून तिचं झालं काय? काठीशी लग्न आणि अग्नी. बाईच्या इच्छेचा आम्ही सण करतो, पण ती राख झाल्यावर.

देवाशी लग्न म्हटलं की मला माहेरच्या गल्लीत परडी घेऊन येणारी जोगतीण आठवते, कपाळभर भंडारा. पोर असतानाच यल्लम्माला सोडलेली. मुंबई इलाख्यात याविरुद्ध कायदा १९३४ साली झाला, कर्नाटकात १९८२ साली. तरी ती आमच्या दारात उभी असायची. कुंभारकन्येनं निदान तोंडानं मागितलं होतं. हिला कुणी विचारलंही नव्हतं. आई तिला जोगवा वाढायची, पाया पडायची आणि आम्हाला म्हणायची, तिच्याशी जास्त बोलायचं नाही.

माझे आजोबा शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, कानडी वचनं म्हणायचे. सिद्धरामांच्या एका वचनाचा अर्थ त्यांनी मला शिकवला होता: बाई ही नुसती बाई नाही, राक्षसीण तर नाहीच, ती प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुन, म्हणजे शिव आहे. बाराव्या शतकात! त्याच काळात संत कवयित्री अक्कमहादेवी राजाचं घर सोडून, अंगावरची वस्त्रंही टाकून निघाली आणि चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवालाच, नवरा म्हणाली. तिला शरणांनी मान दिला. मला तरी वाटतं, नवरा देव होता म्हणून हे निभावलं. शेजारच्या माणसाचं नाव घेतलं असतं तर?

शरणांनी विटाळसुद्धा मानला नाही, बाईच्या गळ्यात इष्टलिंग दिलं. सासूबाईंच्या गळ्यात आहे. आणि आज सकाळी त्याच गळ्यातून आवाज आला, "सुगडाला शिवू नको गं, बाजूला बस." लेकीचा दुसरा दिवस आहे. पहिल्या वेळी याच आज्जीनं तिला मखरात बसवलं होतं, ओटी भरली होती, गल्लीभर लाडू वाटले होते. तेव्हा तिच्या अंगाचा सोहळा, आता त्याच अंगाचा विटाळ. संध्याकाळी तडजोड झाली: देवळात नको, मैदानात लांबून बघ.

लांबून बघतानाच तिनं विचारलं, "मग जाळलं का तिला?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "जाळलं म्हणू नये. सती गेली ती."

"पण आज्जी, तिला तर लग्न करायचं होतं."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे बघत राहिले. नंतर म्हटलं, चल, भज्जी खाऊ.

खरं उत्तर काय द्यायला हवं होतं? मैदानात सुचलं नाही, आत्ताही सुचत नाहीये. पण मावशीचं वाक्य मी तिला सांगणार नाही, एवढं नक्की.

उद्या शोभेचं दारूकाम. आतापासून विचारतेय, किती वाजता निघायचं. पोट दुखत असलं तर स्कूटीवरून नेईन.